पराभवाच्या कागदावर सही कोणाची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, युद्ध हरलेल्या देशांत लोकशाही कशी उभी राहते यावर लेख आला होता. लेखकाने जर्मनीची दोन उदाहरणं घेतली आहेत, १९१९ आणि १९४९. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९१९ साली वायमार गावी केलेल्या घटनेला भोकं होती म्हणून ती बुडाली, १९४९ ची बॉन शहरातली पक्की बांधली होती म्हणून तरली. लेख मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चांगला आहे. पण एक गोष्ट त्यात राहून गेली, आणि ती मला चटकन दिसली याचं कारण माझी नोकरी. मी मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टर होतो, सदतीस वर्षं. लोकांना वाटतं सॉर्टर म्हणजे पत्रं खणांत टाकणारा माणूस. ते काम कोणीही महिन्याभरात शिकतो. शिकायला वेळ लागतो तो सही करायला.

आमच्या वेळी टपालाच्या बॅगा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायच्या. बरोबर मेल लिस्ट, म्हणजे बॅगांची यादी असायची. घेणाऱ्याने बॅगा मोजायच्या, लेबल वाचायचं, लाखेचं सील अखंड आहे का ते बोटाने चाचपून बघायचं, आणि मग सही. सील तुटकं असेल तर सहीच्या आधी तसा शेरा मारायचा. मी नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. रात्रीची गाडी, पाऊस, फलाटावर दिवा मिणमिणता. एका बॅगेचं सील दुभंगलेलं होतं. देणारे माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. "कर रे सही, गाडी सुटतेय, काय होतंय?" म्हणाले. मी केली. सकाळी बॅग उघडली तर आतलं एक रजिस्टर्ड पत्र कमी. सील कुणी आणि कुठे तोडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. सही माझी होती, त्यामुळे पगारातून सहा महिने कापले गेले ते माझ्या. चूक माझीच, मी कुणाला बोल लावत नाही. ते गृहस्थ मात्र त्यानंतर निवृत्त होईपर्यंत नव्या पोरांना सांगायचे, "सह्या बघून करत जा रे, तो बघा, त्याचं काय झालं!"

१९१८ सालच्या शरदात जर्मनीत हेच झालं, फक्त बॅग देशाएवढी होती.

२९ सप्टेंबर १९१८ रोजी बेल्जियममधल्या स्पा या गावी, जिथे जर्मन सैन्याचं मुख्यालय होतं, हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ या दोन सेनापतींनी कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, सांगितलं की आता युद्धविराम मागितल्यावाचून गत्यंतर नाही. हे त्यांनी स्वतः सांगितलं, कुठल्या पुढाऱ्याने नव्हे. आणि त्याच दमात लुडेनडॉर्फने असं सुचवलं की सरकार आता संसदेतल्या पक्षांचं करा. चार वर्षं ज्यांना विचारलंही नव्हतं, त्यांच्या हाती अचानक राज्य! दोनच दिवसांनी आपल्या अधिकाऱ्यांपुढे तो जे बोलला त्याचा आपल्याकडचा अर्थ एवढाच की ज्यांनी हे शिजवलं त्यांनीच आता ते ओरपावं. वास्तविक शिजवलं होतं त्याने. ऑक्टोबरअखेर त्याची उचलबांगडी झाली आणि तो वेष पालटून, दुसऱ्याच नावाने, स्वीडनला निघून गेला.

११ नोव्हेंबरच्या पहाटे फ्रान्समधल्या कोंपिएन्येच्या जंगलात, रेल्वेच्या एका डब्यात, युद्धविरामावर सह्या झाल्या. रेल्वेचा डबा! माझं अर्धं आयुष्य रेल्वेच्या डब्यात सह्या करण्यात गेलं असल्यामुळे ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. जर्मन शिष्टमंडळात दोन लष्करी माणसं होती, नाही असं नाही. पण प्रमुख होता माथियास एर्त्सबर्गर. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचा पुढारी, मुळात शाळामास्तर, गोलमटोल, डोळ्यांवर चष्मा. ज्याने एकही तुकडी कधी लढाईवर नेली नाही त्या माणसाच्या हातात हरल्याची पावती दिली गेली. हिंडेनबर्गने त्याला जाण्याचा आग्रह केला आणि स्वतः मागे राहिला. मेल लिस्टवर बॅग फाटकी असल्याचा शेरा कोणी मारला नाही.

आता तुमच्या लेखकाच्या मुद्द्याकडे येतो. वायमारची घटना वाईट होती का? मला तरी वाटत नाही. १९ जानेवारी १९१९ ला निवडणूक झाली, तिथल्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, शंभरातल्या ऐंशीहून जास्त मतदारांनी मतदान केलं आणि ३७ स्त्रिया निवडून आल्या. बर्लिनच्या रस्त्यांवर गोळ्या चालू होत्या. निवडणुकीच्या चारच दिवस आधी रोझा लक्झेंबर्ग आणि कार्ल लिबक्नेख्ट या डाव्या क्रांतिकारक पुढाऱ्यांना ठार मारलं होतं. म्हणून घटना लिहिणारी राष्ट्रीय सभा भरवली ती वायमार या लहान गावात, नाटकाच्या थिएटरात. बाहेर गटे आणि शिलर या कवींचा जोडपुतळा, आत कायदे करणारे लोक. बर्लिनहून वर्तमानपत्रं आणि टपाल तिथे विमानाने यायचं, त्यासाठी फेब्रुवारीत खास सेवा सुरू केली होती. जर्मनीतली नागरी विमानटपालाची नियमित सेवा तिथूनच सुरू झाली. हे लेखात नव्हतं म्हणून माझी तक्रार नाही, पण आमच्या धंद्यातली गोष्ट आहे म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. ३१ जुलैला घटना २६२ विरुद्ध ७५ मतांनी संमत झाली. ११ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष एबर्टने तिच्यावर सही केली.

त्या घटनेतलं ४८ वं कलम घातक ठरलं हे खरं. संकटकाळात राष्ट्राध्यक्षाला मूलभूत हक्क बाजूला ठेवायची मुभा त्याने दिली होती. माझा नातू स्पर्धा परीक्षा देतो, त्याच्या गाइडात एक ओळ आहे: आणीबाणीत हक्क स्थगित करण्याची तरतूद, उगम वायमार. तो ती पाठ करतो, पुढे जातो. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आपल्या संविधानसभेत हरी विष्णु कामत याच कलमाचं नाव घेऊन कळवळून बोलले होते, ऑगस्ट १९४९ मध्ये. तो म्हणाला, "आजोबा, हे विचारत नाहीत." असो. मुद्दा असा की ४८ वं कलम एबर्टनेही वापरलं, अनेकदा वापरलं, आणि प्रजासत्ताक वाचवायला वापरलं. तेच कलम हिंडेनबर्गच्या हातात गेल्यावर उलटं चाललं. मग प्रश्न असा पडतो की ज्या सेनापतीने युद्ध हरवलं, तो माणूस प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष झालाच कसा? घटनेतल्या भोकातून तो आत शिरला नाही. लोकांनी मतं देऊन, १९२५ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी त्याला आत आणला. आणि लोकांनी मतं दिली कारण हरल्याची सही त्याची नव्हती.

इथे माझ्या तिकिटांचं सांगतो. मला तिकिटं जमवायचा नाद लागला तो मामामुळे. त्याने पाकीट आणून दिलं होतं, त्यात निम्मी तिकिटं जर्मनीची, कारण ती जगात सगळीकडे मातीमोल मिळायची. १९२३ सालची, महागाईतली. छापलेल्या आकड्यावर काळ्या शाईने दुसरा आकडा मारलेला, लाख, वीस लाख, कोटी. सगळ्यात मोठं ५० अब्जांचं. मी तेव्हा आठवीत. पाच हजार कोटींचं तिकीट माझ्याकडे आहे म्हणून वर्गात मिरवत होतो.

पण आता जे तिकीट मी जास्त वेळा भिंगाखाली धरतो ते वेगळं आहे. वायमारला ती राष्ट्रीय सभा भरली तेव्हा, १९१९ मध्ये, एक छोटा संच निघाला होता. एका तिकिटावर तोडलेल्या झाडाचं खोड आणि त्याला फुटलेले कोंब. दुसऱ्यावर बांधकाम करणारा माणूस. रंग फिके, छपाई यथातथाच, युद्धानंतरची. चित्र किती साधं आणि किती नेमकं! पण त्याच खिडकीवर, त्याच महिन्यात, जुनं 'जर्मानिया' तिकीटही विकलं जात होतं; डोक्यावर साम्राज्याचा मुकुट घातलेली बाई. ते तिकीट प्रजासत्ताक आल्यावरही तीन वर्षं चाललं. देशाचं नावही बदललं नाही. घटनेचं पहिलंच वाक्य सांगतं की जर्मन राइश हे प्रजासत्ताक आहे. राइश म्हणजे साम्राज्य. म्हणजे पाटी जुनी आणि दुकान नवं. दुकानातला अर्धा नोकरवर्गही जुनाच होता, न्यायाधीश, प्राध्यापक, अधिकारी, सगळे.

आणि १९२८ चा संच बघा. राष्ट्राध्यक्षांची तिकिटं. दोनच चेहरे, एबर्ट आणि हिंडेनबर्ग. माझ्या अल्बममध्ये ते शेजारी शेजारी लावलेत. एक खोगीर शिवणाऱ्याचा धंदा शिकलेला माणूस, ज्याचे दोन मुलगे त्याच युद्धात मेले. दुसरा फील्डमार्शल. एकाने हरलेला देश सांभाळायला घेतला आणि दुसऱ्याने तो हरवून दिला, आणि तिकिटावर दोघांची किंमत पैशा-दोन पैशांच्या फरकाची.

एबर्टची काय दशा केली ते वाचलं की अजूनही पोटात तुटतं. ऑगस्ट १९१९ मध्ये, त्याचा शपथविधी झाला त्याच दिवशी, बर्लिनच्या एका सचित्र साप्ताहिकाने पहिल्या पानावर त्याचा फोटो छापला: समुद्रात उभा, अंगावर फक्त पोहण्याची चड्डी, पोट सुटलेलं, शेजारी मंत्री नोस्के तसाच. झालं. मग त्या फोटोची पोस्टकार्डं निघाली. मधे चड्डीतले हे दोघे आणि कडेला पूर्ण गणवेशात कैसर आणि हिंडेनबर्ग. 'तेव्हा आणि आता' अशा अर्थाचा मथळा. ती पोस्टकार्डं तिथल्या सॉर्टरांनी सॉर्ट केली असतील, पोस्टमनने दारोदार वाटली असतील. मी त्या जागी असतो तर मीही टाकलीच असती खणात. पत्ता बरोबर, तिकीट पुरेसं, मग आपण कोण अडवणारे?

एबर्टने एक चूक केली, तीही चांगुलपणाने. १० डिसेंबर १९१८ ला बर्लिनमध्ये परतणाऱ्या सैनिकांचं स्वागत करताना तो म्हणून गेला की कुठल्याही शत्रूने तुम्हाला हरवलेलं नाही. थकलेली पोरं, त्यांना बरं वाटावं म्हणून. पण हे वाक्य म्हणजे तुटक्या सीलच्या बॅगेवर 'अखंड मिळाली' असं लिहून देणं. हरवलं नाही तर मग हरलो कसे? वर्षभरात उत्तर हजर. नोव्हेंबर १९१९ मध्ये चौकशी समितीपुढे हिंडेनबर्गने साक्ष दिली की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला, आणि वर ते एका इंग्रज सेनापतीचं म्हणणं म्हणून सांगितलं. हातातला कागद बघून वाचलं, उठला, गेला. समितीने विचारलेल्या प्रश्नांकडे लक्षच दिलं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर. एर्त्सबर्गरला २६ ऑगस्ट १९२१ रोजी ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरायला गेला असताना गोळ्या घातल्या. मारेकरी नौदलाच्या एका बरखास्त ब्रिगेडमधले जुने अधिकारी. राटेनाउ या परराष्ट्रमंत्र्याला पुढच्या वर्षी जूनमध्ये, उघड्या मोटारीत. एबर्टवर देशद्रोहाचा आरोप छापणाऱ्या संपादकावर त्याने फिर्याद लावली, तर डिसेंबर १९२४ मध्ये कोर्टाने संपादकाला अब्रूनुकसानीबद्दल शिक्षा दिली खरी, पण निकालात म्हटलं की कायद्याच्या अर्थाने एबर्टचं कृत्य देशद्रोहच. त्या खटल्याच्या धावपळीत त्याने अपेंडिक्सचं दुखणं अंगावर काढलं आणि फेब्रुवारी १९२५ मध्ये गेला. वय ५४. त्याच्या रिकाम्या खुर्चीत हिंडेनबर्ग बसला. ३० जानेवारी १९३३ ला त्याने हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, नेमलं; त्यावर मी जास्त लिहीत नाही. हिंडेनबर्ग मेल्यावर त्याच्या तिकिटांना काळी चौकट घालून ती पुन्हा काढली, सप्टेंबर १९३४. एबर्टसाठी काळी चौकट काढल्याचं मला माझ्या अल्बमात तरी सापडलेलं नाही.

आता १९४५. या वेळी सह्या कोणाच्या? ७ मेला फ्रान्समध्ये रॅन्स इथे जनरल योडलची. ८ मेच्या रात्री बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्टमध्ये फील्डमार्शल कायटलची. ज्यांनी युद्ध चालवलं त्यांचीच. त्यासाठी कुठला शाळामास्तर शोधून आणावा लागला नाही. आणि हरल्याचं लपवायलाही जागा नव्हती, घराघरांचे ढिगारे झालेले. काही काळ तिकिटंसुद्धा स्वतःची नव्हती. माझ्याकडे आहेत त्यांतली पहिली थेट वॉशिंग्टनला छापलेली, मोठा 'एम' आणि नाव तेवढं डॉइचलांड. दोस्त राष्ट्रांचं लष्करी टपाल.

हा माझा मुख्य मुद्दा. १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीची घटना लिहायला बॉनला जे पासष्ट लोक जमले त्यांच्या खांद्यावर पराभवाची पावती नव्हती. ती आधीच दुसऱ्यांच्या नावे फाडलेली होती. त्यांना फक्त पुढचं लिहायचं होतं. एर्त्सबर्गरला, एबर्टला ही मोकळीक कधीच मिळाली नाही. तीच माणसं, तीच घटना, पण ११ नोव्हेंबरची ती सही हिंडेनबर्गने केली असती तर? 'असतं तर' या खेळाला अर्थ नसतो हे मला कळतं, तरी रात्री झोप येत नाही तेव्हा मी तो खेळतो.

बॉनची सुरुवात कशी झाली ते मला फार आवडतं. १ सप्टेंबर १९४८, उद्घाटनाला मोठी शाबूत इमारत हवी म्हणून प्राणिशास्त्राचं संग्रहालय घेतलं. पेंढा भरलेले प्राणी आजूबाजूला, काही पडद्याआड सरकवलेले, आणि मधे नवा देश घडवायला बसलेले लोक. रशियाने केलेली बर्लिनची नाकेबंदी चालू, देशाचे चार तुकडे, वर तीन परकी लष्करी राज्यपाल. आपण जे लिहितोय त्याला त्यांनी 'घटना' म्हणायचंच नाकारलं, 'मूलभूत कायदा' म्हटलं, का, तर देश अर्धा असताना घटना कसली. यांतले काही लोक वायमारला पण होते. पाउल लोबे होते, हेलेने वेबर होत्या. तीस वर्षांनी तेच काम पुन्हा करायला बसायचं, त्या लोकांच्या मनात काय आलं असेल?

पासष्टांत बायका चार. त्यांतल्या एलिझाबेथ झेल्बर्ट, कासेलच्या वकील, 'स्त्री आणि पुरुष समान आहेत' एवढं साधं वाक्य घालायला निघाल्या. डिसेंबर १९४८ मध्ये समितीने ते फेटाळलं. बाईंनी गावोगाव जाऊन सांगितलं, आणि मग पत्रं यायला लागली. धुण्याच्या टोपल्या भरभरून आली असं तिकडे सांगतात. सांगताना थोडं फुगवलं असेल. पण जानेवारीत तेच वाक्य मान्य झालं, हे पक्कं. सत्तरच्या दशकात कासेलमध्येच माझा एक पत्रमित्र होता, तोही माझ्यासारखाच रेल्वेटपालातला, तिकिटांची देवघेव करायचो. त्याने एकदा मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की आमच्या गावाने देशाला दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पाच शब्द. त्यांच्या भाषेत ते पाचच शब्द आहेत, मी मोजून बघितले.

तो मूलभूत कायदा मंजूर झाला ८ मे १९४९ ला, रात्री बारा वाजायला पाच मिनिटं असताना. शरणागतीला बरोबर चार वर्षं. ती तारीख चुकू नये म्हणून त्या सभेचा अध्यक्ष आडेनाउअर याने घाई केली होती. ५३ विरुद्ध १२. बायर्न प्रांताच्या विधानसभेने तर नकोच म्हटलं. ऑगस्टमध्ये निवडणूक, ७ सप्टेंबरला पहिली संसद बसली, तेव्हा ज्येष्ठ सदस्य म्हणून अध्यक्षस्थानी होते ते वर सांगितलेले पाउल लोबे. आडेनाउअर चॅन्सेलर झाला तो एका मताने. संसद पहिल्यांदा बसली त्या दिवशी निघालेली दोन तिकिटं माझ्याकडे आहेत, कासेलच्या मित्रानेच पाठवलेली. १० फेनिगचं आणि २० चं. त्यावर घराचं छप्पर चढवणारे कामकरी आहेत, वर हिरवी माळ, आपल्याकडे स्लॅब टाकताना नारळ फोडतात तसा त्यांचा रिवाज. १९१९ च्या तिकिटावर बांधणारा एकटा होता. १९४९ च्या तिकिटावर छपरापर्यंत काम आलंय. दोन्ही मी एकाच पानावर लावली आहेत.

याच काळातलं आणखी एक तिकीट, नखाएवढं, निळं, दोन फेनिगचं, 'बर्लिनसाठी संकटकर'. डिसेंबर १९४८ पासून १९५६ पर्यंत पश्चिमेकडच्या बहुतेक भागात प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाबरोबर हे लावावंच लागे, नाहीतर पत्र परत. आपण सॉर्टर असतो तर किती वैतागलो असतो! पण विचार करा, नवं राज्य जन्मायच्या आधीच प्रत्येक पत्र लिहिणारा माणूस, रोज, दोन पैसे देऊन कुणासाठी तरी जबाबदारी घेत होता. पावती हातात घेऊन. हे घटनेत कुठे लिहिलेलं नाही.

आता माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू न सांगता पत्र संपवलं तर सूज्ञ वाचक मला धरतील. सेनापतींच्या नावे सही झाली याचा एक तोटाही झाला. योडल आणि कायटल ऑक्टोबर १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला फासावर गेले, आणि बाकीच्या पुष्कळांनी सुस्कारा सोडला: झालं, हिशेब मिटला. १९५१ मध्ये कायदा करून जुन्या राजवटीतल्या हजारो सरकारी नोकरांना परत कामावर घेतलं. आडेनाउअरच्या कार्यालयाचा प्रमुख हान्स ग्लोब्के हा तर ज्यूंविरुद्धच्या वांशिक कायद्यांवर भाष्य लिहिणारा माणूस. म्हणजे इथेही कुणाच्या तरी सहीआड बाकीचे लपलेच. शिवाय अमेरिकेचा पैसा आला, कारखाने लवकर चालू झाले, लोकांची पोटं भरली, हेही खरं. पोट भरलेला माणूस खंजिराच्या गोष्टी ऐकायला कमी जातो. तुमच्या लेखकाने सांगितलेली कलमंही कामाची होती: पुढचा चॅन्सेलर ठरवल्याशिवाय आधीच्याला पाडता येणार नाही, आणि काही कलमं कुठल्याही बहुमताने बदलता येणार नाहीत. मी ते नाकारत नाही. मी एवढंच म्हणतो की कलमांच्या आधी मेल लिस्ट वाचा.

जाता जाता एक छोटी दुरुस्ती. लेखासोबतच्या फोटोखाली 'वायमार काळातील संसद, बर्लिन' असं छापलंय. ती संसद नव्हे. समोर दोन माणसांचा पुतळा दिसतोय, तो गटे-शिलरांचा. ते वायमारचं नाट्यगृह आहे. फोटो बरोबर निवडलात, ओळ तेवढी चुकली.

पत्र लांबलं आहे याची जाणीव आहे. कात्री लावायची झाली तर तिकिटांवरून लावा, सह्यांचा भाग राहू द्या. आणि छापल्यास कृपया नाव छापू नये, कारण ते सील तुटलेल्या रात्रीचे गृहस्थ हयात आहेत, तुमचाच पेपर घेतात, आणि संध्याकाळी आम्ही दोघं एकाच बाकावर बसतो.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर, मिरज